जोत्यालगतची फट सिमेंटने का बुजत नाही?

सांगलीच्या शामरावनगर भागातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

‘आमचे दुमजली घर बारा-तेरा वर्षांपूर्वी बांधले. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले. त्यानंतर अंगणात भराव टाकून ते सहा-सात इंच उंच केले आणि पुढच्या बाजूस पेव्हर ब्लॉक, बाजूच्या बोळात व मागे शहाबादी फरशी बसवून घेतली. आता भिंतीला लागून सगळीकडे फट पडली आहे. पुढे ती बोटभर आहे, पण मागे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापाशी दोन बोटे जातील एवढी असून तिथली फरशी भिंतीकडे कलली आहे. आमच्या नेहमीच्या गवंड्यांनी दोन वेळा सिमेंटचा घोळ ओतून ती बुजवली, तरी उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. पावसाळ्यात तिथून पाणी आत जाते. मागच्या खोलीच्या भिंतीला खालून ओल येऊन पोपडे पडू लागले आहेत. फटीतून मुंग्या निघतात आणि यंदा घोणशीचे एक पिल्लूही निघाले. मुलगा म्हणतो, फवारणीचा फोम भरू. घर खचते आहे का, आणि ही फट कायमची बुजवायची कशी?’

सप्रेम नमस्कार. आपल्या मनातील भीती मोठी आहे, म्हणून तिच्याविषयी आधी लिहितो. भिंत आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये फट पडली, एवढ्यावरून घर खचते आहे असे म्हणता येत नाही. बहुतेक घरांत हलते ती फरशी, घर नव्हे. घर हलत असेल तर त्याची खूण फटीत नव्हे, भिंतीत दिसते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघून तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या भेगा, पूर्वी नीट लागणारे दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे, किंवा घरातली फरशी एका बाजूला उतरती होणे, ही ती लक्षणे होत. अशी भेग आढळल्यास तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे असे समजावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावण्यास विलंब करू नये. आपल्या पत्रात यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. तरीही एकदा दिवसाउजेडी घराभोवती सावकाश फिरून, विशेषतः स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरच्या भिंती वरपर्यंत न्याहाळून घ्याव्यात.

आता फट का पडते ते पाहू, कारण त्यावरच पुढचा सगळा उपाय अवलंबून आहे. घर उभे असते पायावर आणि पाया बहुधा पाच-सहा फूट खाली, कठीण मुरमापर्यंत किंवा त्याच्या जवळपास गेलेला असतो. अंगणातील फरशी मात्र वरच्या फूट-दीड फूट भरावावर टेकलेली असते आणि त्या भरावाखाली कृष्णाकाठची काळी माती असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व चैत्र-वैशाखात आकसून तिला भेगा पडतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हे फुगणे-आकसणे केवळ वरच्या थरापुरते नसते. काळ्या मातीत ओलाव्याचा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोचतो असे धरले जाते, आणि म्हणूनच अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगीर असलेले, त्या थराखाली जाऊन धरणारे अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, विकसित केले. सारांश, आपले घर आणि आपले अंगण एकाच जमिनीवर असले तरी त्यांचे वरखाली होणे सारखे नाही. त्यांच्यामधील सांधा वर्षभर उघडमीट करणारच. विट्याच्या माळावर किंवा जतकडे, जिथे हातभर खणले की मुरूम लागतो, तिथे हाच प्रकार फार सौम्य असतो.

यात दुसरे कारण मिसळते ते पायाच्या चराचे. पाया खणताना चर भिंतीपेक्षा रुंद घेतात आणि बांधकाम वर आले की उरलेली जागा तीच खणलेली माती, विटांचे तुकडे, कधी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा लोटून भरून टाकतात. सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून तो चर भरला गेला, अशी घरे मोजकीच. मग भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा वर्षानुवर्षे बसत राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पूर आलेल्या भागांत अशा सैल भरावात कितीतरी दिवस पाणी मुरत राहिले. पोकळ भराव भिजला की आतल्या आत कोसळून बसतो. आपले अंगण त्यानंतर केले असल्याने तो भराव नव्या फरशीखाली नीट ठोकला गेला की नाही, हा खरा प्रश्न आहे. मागच्या कोपऱ्यातील फरशी भिंतीकडे कलली आहे, त्यावरून तिथे तो ठोकला गेला नसावा असे मला वाटते.

सिमेंटचा घोळ का टिकत नाही, हे आता आपल्या लक्षात आले असेल. सिमेंट ताणले जात नाही. फट उन्हाळ्यात थोडी रुंदावली की घोळ एका कडेपासून सुटतो, त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत शिरते आणि सुटलेले तुकडे खाली जाऊन अडकतात. पावसाळ्यात माती फुगून फरशी वर उचलली जाऊ लागली की हेच तुकडे पाचरीसारखे फरशी आणि जोते यांच्यामध्ये दबतात आणि जोत्याच्या प्लास्टरचे टवके काढतात. भिंतीच्या कडेने सिमेंटचा गोल वाटा मारण्याची पद्धतही याच कारणाने बाहेरच्या फरशीला उपयोगी नाही. गच्चीवर स्लॅब आणि कठडा एकत्र हलतात, म्हणून तिथे वाटा टिकतो. आपल्या गवंड्यांचा हेतू चांगलाच आहे, परंतु तिसऱ्यांदा घोळ ओतून घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हा सांधा घट्ट करण्याचा नाही. घर आणि फरशी यांना आपापल्या परीने हलू द्यायचे आणि त्यांच्यामधून पाणी मात्र खाली जाऊ द्यायचे नाही, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

आतल्या ओलीचा प्रश्न मला फटीहून अधिक महत्त्वाचा वाटतो. अंगण सहा-सात इंच उंच केले, असे आपण लिहिता, पण जोत्याची उंची पत्रात नाही. कृपया घरातील फरशीच्या पातळीपासून बाहेरच्या फरशीपर्यंतचे अंतर मोजावे. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी घेतात, तशी घेतली तर दहा मिनिटांत काम होते. जमिनीतील ओल भिंतीतून वर चढू नये म्हणून जोत्याच्या माथ्यावर जो ओलरोधक थर, ज्याला सगळे डीपीसी म्हणतात, घातलेला असतो, तो साधारणपणे घरातील फरशीच्या पातळीला किंवा जरा खाली असतो. बाहेरची फरशी त्याच्यापेक्षा निदान सहा इंच खाली असली पाहिजे. पुरानंतर सांगलीत अनेकांनी अंगणे उचलली, रस्तेही थरावर थर चढून उंच झाले, आणि त्यामुळे एके काळी दोन फूट दिसणारे जोते आज फूटभरही दिसत नाही, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. अंगणाचा भराव त्या थराला वळसा घालून वरच्या भिंतीला टेकला, तर ओल थेट विटांत शिरते आणि तिच्याबरोबर जमिनीतील क्षारही येतात. मग भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे पडतात. असे असेल तर फट कितीही उत्तम बुजवली तरी मागच्या खोलीची ओल थांबणार नाही.

हे अंतर सहा इंचांहून कमी निघाले तर सगळे अंगण उखडण्याची गरज नाही. ओल येते त्या बाजूला भिंतीलगतचा फूट-सव्वा फूट रुंदीचा पट्टा काढून तिथे खाली काँक्रीटची उथळ पन्हळ करून घ्यावी, तिला एका टोकाकडे उतार द्यावा आणि हवी तर वर लोखंडी जाळी टाकावी. पाणी कुठे सोडायचे, हे मात्र आधी ठरवावे. रस्त्याचे गटार अंगणापेक्षा उंच असेल, आणि आपल्या भागात तसे असण्याचा संभव बराच आहे, तर पन्हळीच्या टोकाला लहान टाकी करून पावसाळ्यात छोट्या पंपाने पाणी बाहेर काढावे लागेल. त्याचा त्रास आहे हे मी जाणतो, पण पाणी भिंतीपाशी साठू देण्यापेक्षा तो त्रास पत्करावा.

आता पाण्याच्या वाटेविषयी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी गोळा होते. गच्चीचे पाईप जर जोत्यापाशीच मोकळे सोडले असतील, तर हे सगळे पाणी आपण आपल्याच पायाला पाजत आहोत. प्रत्येक पाईपाला खाली कोपर बसवून पाणी निदान पाच-सहा फूट दूर किंवा सरळ गटारात न्यावे. फरशीचा उतार भिंतीपासून बाहेर, दर फुटाला पाव इंच तरी असावा. बादलीभर पाणी भिंतीच्या कडेला ओतून ते कुठे धावते ते पाहावे, पाणसळ घरी नसली तरी या परीक्षेत चूक होत नाही. भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा असेल तर तो हलवावा. काळ्या मातीला सर्वांत अधिक बाधते ते एका जागी सतत भिजणे आणि शेजारी कोरडे राहणे. घराभोवतीचा ओलावा शक्यतो एकसारखा राहावा, यासाठीच तर जोत्याभोवती फरशीचा पट्टा करायचा असतो.

मागचा कोपरा स्वयंपाकघराचा आहे, हे वाचून मला सांडपाण्याच्या चेंबरची शंका आली. फट पुढे बोटभर आणि एकाच कोपऱ्यात दुप्पट, असे असेल तर त्या कोपऱ्यात काहीतरी वेगळे घडत असते. चेंबर किंवा पाईप गळत असला की पाण्याबरोबर माती हळूहळू निघून जाते आणि वरची फरशी आत बसते. न्हाणीघरातून आणि मोरीतून कपड्यांची नीळ कालवलेले पाणी सोडून ते पुढच्या चेंबरमध्ये पुरते पोहोचते का, चेंबरच्या भिंतींतून झिरपते का, हे पाहता येईल. जमिनीतली पाण्याची टाकी जवळ असल्यास रात्री सर्व नळ बंद करून पातळीची खूण करावी आणि सकाळी ती उतरली का ते पाहावे. यानंतर ८ मिलिमीटरची एक सळई फटीतून हलक्या हाताने खाली सोडावी. ती चार-सहा इंचांवर अडली तर ठीक. जोर न लावता फूट-दोन फूट गेली, किंवा फरशीवर पहारीचा दांडा आपटल्यावर पोकळ आवाज आला, तर खाली खड्डा आहे, आणि खड्ड्यावर कोणतेही महागडे रसायन भरून उपयोग नाही.

अशा वेळी त्या कोपऱ्यातील फरशी तीन-चार फुटांपर्यंत उचलावी. शहाबादी फरशी सांभाळून काढली तर पुन्हा वापरता येते. आतली सैल माती काढून गळतीचा बंदोबस्त करावा आणि मग चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर थोडा ओला करून आणि ठोकून भरावा. खणलेली काळी माती परत भरू नये. वाळूही भरू नये, कारण काळ्या मातीच्या पोटात वाळूचा थर म्हणजे पाणी साठवण्याची जागाच होते, ही गोष्ट पुष्कळ कंत्राटदारांच्या ध्यानात येत नाही. मुरमावर चार इंच काँक्रीट घालताना भिंतीला १२ मिलिमीटर जाडीची डांबर भिजवलेली फायबर बोर्डाची पट्टी उभी लावावी, म्हणजे काँक्रीट जोत्याला चिकटणार नाही. दर दहा फुटांवर आडवा सांधाही ठेवावा. या काँक्रीटवर फरशी बसवताना तिला बाहेरचा उतार द्यावा आणि फरशीची कडही त्या पट्टीच्या अलीकडेच थांबवावी.

पुढच्या बाजूच्या पेव्हर ब्लॉकची गोष्ट थोडी निराळी आहे. ब्लॉक कडेने आवळलेले असतील तरच एकमेकांना धरून राहतात. भिंतीच्या बाजूला कड नसेल तर ते हळूहळू सरकतात आणि त्यांच्याखालची कच फटीतून खाली निसटत जाते. ब्लॉक सुटे हलत असताना ते आणि भिंत यांच्यामध्ये सीलंट, म्हणजे सांधा बुजवायचे रबरासारखे रसायन, भरले तर ते फार टिकणार नाही. म्हणून भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे सहा इंच रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, वर सांगितल्याप्रमाणे भिंतीपासून वेगळा ठेवून, ओतून घ्यावा. ब्लॉक त्या पट्ट्याला टेकतील आणि सांधा भिंत व पट्टा यांच्यामध्ये एकसारख्या रुंदीचा मिळेल.

हा सांधा बुजवण्यासाठी रबरासारखे ताणले जाणारे सीलंट लागते. पॉलियुरेथेनचे किंवा दोन भाग मिसळून वापरायचे पॉलिसल्फाइडचे सीलंट यासाठी योग्य आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन घेऊ नये, ते सिमेंटच्या पृष्ठभागाला नीट धरत नाही. जोत्यावरचा रंग सांध्यापुरता खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, धूळ पूर्ण उडवून, दोन्ही कडा ठणठणीत कोरड्या असतानाच काम करावे आणि कंपनीने सांगितला असेल तो प्रायमर लावावा. बोर्डाची पट्टी वरून इंचभर कापून घ्यावी आणि तिथे बॅकर रॉड म्हणून मिळणारी फोमची गोल दोरी दाबून बसवावी. सांधा १५ मिलिमीटरचा असेल तर दोरी १८ ते २० मिलिमीटरची घ्यावी, आणि तिच्यावर सीलंटचा थर रुंदीच्या निम्मा, म्हणजे सात-आठ मिलिमीटर एवढाच द्यावा. जाड थर जास्त टिकतो, हा समज चुकीचा आहे. जाड थर ताणला जाताना कडेपासून सुटतो. दोरीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटते आणि तळाला मोकळे राहते, म्हणून ते ताणले जाऊ शकते. इंचाहून रुंद फट सीलंटने भरू नये, आधी काँक्रीटने ती अरुंद करून घ्यावी.

आपल्या मुलाने सुचवलेला फोम चौकटीच्या मागच्या पोकळीसाठी चांगला, पण उघड्यावर नाही. उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो आणि उंदीर-घुशी तो सहज कुरतडतात. वितळवलेले डांबर वैशाखातल्या उन्हात मऊ होऊन पायांना लागते, म्हणून मागच्या बोळात, जिथे वावर कमी आहे, तिथेच आणि वर बारीक वाळू भुरभुरून ते एक वेळ चालेल. हल्ली भिंतीलगत खडीची पट्टी करण्याचा सल्लाही खूप दिला जातो. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ती खरोखर उत्तम, पण काळ्या मातीत तीच खडी पाणी थेट पायापाशी नेऊन सोडते. खाली उताराचे काँक्रीट आणि बाहेर जाणारी वाट नसेल तर आपण ती करू नये.

सीलंट भरण्याआधी फटीच्या कडेने वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर चढलेल्या दिसतात का, ते पाहावे. दिसल्यास आधी परवानाधारक माणसाकडून उपचार करून घ्यावा. बांधलेल्या इमारतींसाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात त्याची पद्धत दिली आहे आणि काम त्याप्रमाणे होते का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. घूस पोखरत असेल तर तिची बिळे उघडी करून, ती आत नाही याची खात्री झाल्यावर, काचेचे तुकडे मिसळलेल्या काँक्रीटने बंद करावीत. सापाच्या पिल्लाविषयी सांगायचे तर घोणस विषारी असते आणि तिचे पिल्लूही तेवढेच धोकादायक. काम सुरू करण्यापूर्वी सर्पमित्रांना बोलावून जागा पाहून घ्यावी, तोपर्यंत फटीत हात, काडी किंवा वर सांगितलेली सळई घालू नये, आणि बोळात रचलेल्या विटा, फरश्यांचे तुकडे, सरपण असेल तर तेही हलवावे. फटीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते बोटभर असतानाच मुळासकट काढून दुसरीकडे लावावे.

सगळी कामे एकदम करू नयेत. आपले पत्र पावसाळा संपल्यावर आले, हे बरे झाले. पाईप, चेंबर आणि फरशीचा उतार यांची तपासणी आत्ताच करावी. घराच्या चारही बाजूंना, ठरलेल्या आठ-दहा जागी फटीची रुंदी मोजून भिंतीवर पेन्सिलीने तारखेसह लिहावी आणि दर महिन्याला पुन्हा मोजावी. त्यावरून कोणती बाजू किती हलते ते कळेल. मागच्या कोपऱ्याचे मुरमाचे व काँक्रीटचे काम मार्गशीर्ष-पौषात करून त्यावर निदान दहा दिवस पाणी मारावे. सीलंट मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये भरावे. तेव्हा सांधा कोरडा असतो, आणि पावसाळ्याइतका मिटलेला किंवा मे महिन्याइतका उघडलेला नसतो, त्यामुळे पुढे त्याला दोन्ही बाजूंना हलायला जागा राहते.

मागच्या खोलीचे प्लास्टर सर्वांत शेवटी घ्यावे. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाईपर्यंत जुने प्लास्टर काढून विटा उघड्या ठेवाव्यात आणि सगळा उन्हाळा त्यांना वारा लागू द्यावा. वर येणारा पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा, पाण्याने धुऊ नये, कारण पाण्याबरोबर तो पुन्हा विटेत जातो. ओल झाकण्यासाठी तिथे टाइल लावण्याचा आग्रह कोणी केला तर तो मानू नये, आतल्या आत ओल आणखी वर चढेल. मेअखेर नवे प्लास्टर झाल्यावर त्यावर पुट्टी आणि ऑइल पेंट न देता साधा चुना लावावा, आणि पक्का रंग एक पावसाळा कोरडा गेल्याची खात्री झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास द्यावा.